राणीचा खिळा

गावातल्या भानगडी उकलणारा अर्काडिये व्लाइच दाढी करत होता, तेवढ्यात गायकवृंदाचे चेक देशातून आलेले संचालक धापा टाकत जिना चढून आले. त्यांच्या मागोमाग खालच्या औषधांच्या दुकानातून सिमाही आला. कुठे काही शिजतंय अशी शंका आली की सिमाला दुकानात करमत नसे.

बोहुमिल झास्तेरा यांनी हकिगत सांगितली. वृंदाच्या झेंड्याच्या काठीवर चांदीचे खिळे होते, एकेका आश्रयदात्याच्या नावाचे. सगळ्यात वरचा जुन्या राणीचा. तिनेच झेंडा दिला होता, तीच त्याची धर्ममाता. पुढे तिचं घराणं गादीवरून गेलं, ती परमुलखात वारली. वृंद मात्र नव्या राजांसाठीही तितक्याच उत्साहाने गात राहिला; पोटाला घराणं नसतं! आज वृंदाच्या कुलदैवताचा, देवदूत मिहाइलचा सण. दुपारी दरबारचे जनरल नव्या राजाचा खिळा ठोकायला येणार होते, आणि सकाळी बघतात तर राणीचा खिळा गायब.

"पियानो जुळवायची अवजारं माझ्याकडे, त्यात पक्कडही आली. शिवाय मी परका," झास्तेरा म्हणाले. "अध्यक्ष म्हणतात, जनरल यायच्या आत खिळा द्या, नाहीतर संध्याकाळच्या गाडीने गाशा गुंडाळा. अर्धं आयुष्य या गावाला गायला शिकवण्यात गेलं हो माझं. आता कुठे जाऊ?"

व्लाइचने तोंडावरचा साबण पुसला आणि कोट चढवला.

वृंदाच्या दालनात सणाचं टेबल मांडलेलं होतं. क्रूस उमटवलेला पाव, तांबडी वाइन, मोठी मेणबत्ती आणि शेजारी झितो, म्हणजे शिजवलेल्या गव्हात साखर-अक्रोड घालून रचलेला ढीग. सिमाने लगेच चमचा उचलला. झेंड्याची झालर सांधत बसलेल्या लेपोसावामावशींनी त्याच्या हातावर फटका मारला.

"हात आवर. आधी पाद्रीबाबा येऊ देत."

मावशी वृंदातली सगळ्यात जुनी गायिका. सिमा ओशाळून मागे सरला, तेव्हा झास्तेरा त्याला म्हणाले की इथे दरवर्षी नुसता पाव असतो. हा पदार्थ त्यांनी स्वतः मयताच्या घरी तेवढा खाल्ला होता. आमच्याकडे संत निकोलाच्या सणाला झितो लागतोच, सिमाने तोऱ्यात सांगितलं.

व्लाइच काठी बघत होता. वरचं भोक गुळगुळीत होतं, आत पिवळं पडलेलं जुनं मेण. बाकीचे खिळे एकाखाली एक, आणि खाली जागा हवी तेवढी.

अध्यक्ष गाव्रिलो धान्याचे व्यापारी. परक्या माणसाला आमच्या इतिहासाची काय कदर, हे त्यांनी तीन वेळा ऐकवलं. व्लाइचने विचारलं, नवा खिळा कुठे बसणार?

"राजाचा खिळा म्हणजे सगळ्यात वर. मागच्याच आठवड्यात दरबाराला तसं कळवलंय," ते छाती काढून म्हणाले.

मग मावशींची पाळी. काल झेंडा हातात होता, तेव्हा खिळा होता का?

"मला म्हातारीला काय दिसतंय," मावशी म्हणाल्या, आणि चष्म्याशिवाय पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला.

व्लाइचने दार लोटून घेतलं.

"हे काम झास्तेरांचं नाही. पक्कड लावली असती तर लाकूड चेचलं असतं. खिळा कधीचाच सैल होता. कुणीतरी वर्षानुवर्षं मेण लावून तो जागेवर ठेवत होतं. झेंडा शिवणाऱ्याशिवाय हे कोण करणार?"

"मावशी?" सिमा म्हणाला. "अरे, त्यांना दिसत नाही."

"सुई ओवली तेव्हा तू काय छत बघत होतास?"

"पण त्या कशाला चोरतील?"

"ते गाव्रिलोंना विचार. वर राणीचा खिळा असताना राजाचा खिळा वर ठोकायचं मागच्या आठवड्यात कसं ठरलं? तिचा उपटायचाच होता. मावशींना कुणकुण लागली आणि त्यांनी तो आधीच काढला. गाव्रिलोंच्या पथ्यावरच पडलं. आळ घ्यायला परका माणूस आयता हाताशी होता."



"मग खिळा कुठाय?" सिमाने विचारलं.

"सिमा, तुझा निकोला माणूस होता. मेला, म्हणून त्याला झितो. देवदूत कधी मेलेत का? मिहाइलच्या सणाला आपल्याकडे कुणी झितो करत नाही. हा कुण्या मेलेल्या माणसासाठी आहे. आणि त्यात चमचा घालायची बंदी आहे."

मावशी उठल्या. त्यांनी ढिगात हात घातला, खिळा काढला आणि पदरासारख्या लांब ॲप्रनला पुसला.

"आम्हाला कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा तिने झेंडा दिला," त्या म्हणाल्या. "ती गेली तर इथे कुणी साधी मेणबत्ती लावली नाही. म्हटलं, नाव पुसायचंच असेल तर आधी तिचं दिवसकार्य तरी होऊ दे. मग खिळा स्मशानात पुरणार होते." त्या झास्तेरांकडे वळल्या. "तुमच्यावर आळ येईल असं वाटलं नव्हतं, मास्तर. चुकलं माझं."

झास्तेरांनी मेणबत्ती पुढे धरली. मावशींनी कोमट मेण चिमटीत घेऊन खिळा जागेवर दाबला.

तोच बाहेर मोटार थांबली. म्हातारे जनरल आत आले, छातीवर क्रुसाची खूण केली, आणि त्यांची नजर उकरलेल्या ढिगावर पडली.

"आज मिहाइल ना? मग झितो कुणाचा?"

उत्तर यजमानानेच द्यायचं असतं. गाव्रिलोंनी काठीकडे पाहिलं, झास्तेरांकडे पाहिलं.

"आमच्या झेंड्याच्या धर्ममातेचा," ते शेवटी म्हणाले. "जुन्या राणीसाहेबांचा."

जनरलनी वरच्या खिळ्याकडे पाहिलं. मग त्यांनी चमचा उचलला, झितो तोंडात घातला आणि हळू म्हणाले, "देव तिच्या आत्म्याला क्षमा करो."

गाव्रिलोंनीही चमचा घेतला.

"बरं, आमचा खिळा कुठे ठोकू?" जनरलनी विचारलं.

गाव्रिलो काही बोलायच्या आत मावशींनी काठीवर खाली, शेवटच्या खिळ्याच्या पायाशी बोट ठेवलं.

"इथे. रांगेत."