बेहड्यावरची पिल्लं

सत्त्याण्णव सालच्या मार्चमध्ये आम्ही तिघं रतनवाडीच्या वरचा कडा चढलो, ते पहाडी पोपटाच्या एका पिल्लासाठी. नव्या रक्तासाठी! आमच्या पक्षी-संवर्धन केंद्रात वाढवलेले अकरा पोपट मी आदल्या वर्षी जंगलात सोडले होते. एकाच तापात महिन्याभरात नऊ गेले. सगळे एका जोडीचे वंशज. जे एकाला सोसलं नाही, ते कुणालाच सोसलं नाही. त्यांना सोडायची घाई माझीच होती.

सोबत राहात्याचा सम्राट होता, पक्ष्यांचा डॉक्टर आणि पट्टीचा गिर्यारोहक. वाट दाखवायला साठीचा सहादेव. तरुणपणी तो पिल्लं काढून विकायचा, म्हणून सगळ्या ढोल्या त्यालाच ठाऊक. दोन दिवसांत त्यानं सात दाखवल्या. सातही रिकाम्या.

"आता एकच ऱ्हायली," तो म्हणाला, "पर लई वंगाळ जागा हाय."

कड्याच्या पोटातून एक म्हातारा बेहडा दरीवर झुकला होता, आणि त्याच्या ढोलीत हिरवी शेपटी दिसली! सम्राट दोरावरून उतरू लागला. दहा फूट. वीस फूट. अचानक घोंघाट उठला. आग्यामोहोळ!

"डाक्टर, त्वांड झाका!" सहादेव ओरडला.

आम्ही दोघांनी दोर ओढला. तळहात सोलले. सम्राट वर आला तेव्हा त्याचे डोळे सुजून मिटले होते. सहादेवनं ओला पाला पेटवला आणि त्या धुरात आम्ही तासभर पालथे पडून राहिलो.

माश्या निवल्यावर सहादेवनं दोर स्वतःच्या कमरेला बांधला. मी नको म्हणत होते, तोवर तो उतरलाही. पाय टेकताच फांदी कडाडली! क्षणभर तो दरीवर लोंबकळला. मग खोडाला बिलगला. मादी किंचाळत त्याच्या डोक्यावर झेपावत होती.

"दोन हायती!" त्यानं हाक दिली. मी आनंदानं ओरडले.

पण तो नुसताच मादीकडे बघत राहिला. मग रिकाम्या हातांनी वर आला.

"पिल्लं कुठंयत?"

"काय उपेग न्हाई, ताई. वाटलं हुतं, दुसरी जोडी आली आसंल. पर ही तीच. डाव्या पायाची दोन बोटं न्हाईत. माझ्याच फाशात गेल्ती." तो खाली बसला. "हिचीच पिल्लं मी राजूरच्या बाजारात नेली. त्र्याऐंशी साली. तितंच फारेस्टनं धरलं, अन् पिल्लं तुमच्याकडं धाडली."

आमची मूळ जोडी त्याच वर्षी, राजूरच्या बाजारातच जप्त झाली होती. बहीणभाऊ होते ते!

"ही नेली तरी तेच रक्त," सम्राट हळूच म्हणाला.

पिल्लं तिथंच ठेवून आम्ही सम्राटचा हात धरून घळ उतरू लागलो.

"त्या वक्ताला कुनीतरी मला आडवाया पायजे हुतं," सहादेव म्हणाला.

त्या वर्षी भिंगारला आमच्याही घरी पिंजरा टांगलेला होता. पोपट हवा म्हणून दोन दिवस मीच जेवले नव्हते.