तिघांखाली न मोडलेली सायकल

तीनशे चाळीस किलो वजन पेलणारी सायकल अडतीस किलोच्या मुलीखाली कशी मोडेल?

सन २०६७च्या हिवाळ्यात वाघदऱ्याला हा प्रश्न पडला, आणि गावाने साधारण चार मिनिटांत त्याचं उत्तर देऊनही टाकलं. सायकल चांगलीच होती, मुलगी धसमुसळी आहे!

वाघदरा म्हणजे डोंगराच्या खांद्यावरचं साठ घरांचं गाव. इथलं दूध ड्रोनमधून तालुक्याला जायचं, डॉक्टर भिंतीवरच्या पडद्यात दिसायचे, पण गावाचा जीव होता तो सायकलीत. दरवर्षी अकरा गावांची चौदा वर्षांखालची मुलं डोंगरमाथ्यावरून पायवाटेने सायकली हाणत खाली यायची. ही ‘कडा शर्यत’ वाघदऱ्याने सलग चार वर्षं जिंकली होती, आणि तीही एकाच सायकलीवर. तिचं नाव ‘वाघीण’. येसूमामा गभाले यांनी ती आपल्या वर्कशॉपात अॅल्युमिनियमच्या पाइपांतून जोडली होती. दरवर्षी जिंकली की तिला नवा रंग मिळायचा आणि ती पुढच्या मुलाच्या हाती जायची. जिंकणारी मुलं चार होती, पण फोटोत मधोमध सायकलच असायची.

मुलाच्या हाती देण्याआधी तिला ‘भार’ लावत. म्हणजे गावातली सर्वांत वजनदार तीन माणसं एकाच वेळी तिच्यावर बसत. विठोबानाना पैलवान ११८ किलो, डेअरीचे चेअरमन ११२, लग्नाचे आचारी ११०. वजन घटू नये म्हणून आदल्या दिवसापासून तिघांना जिलबी मिळायची. श्रमदानाला या तिघांना नेमकी पाठदुखी व्हायची, पण भाराला ते एकदाही गैरहजर राहिले नव्हते.

या वर्षी पाळी होती येसूमामांच्या भाचीची, बारा वर्षांच्या सावनीची. शर्यत आठ दिवसांवर आली असताना ती सरावाला गेली. वाटेत मीटरभर उंचीचा खडक आहे, त्याला ‘रेड्याची पायरी’ म्हणतात. सावनीने त्यावरून सायकल खाली टाकली आणि हँडलच्या मानेजवळ वाघिणीची फ्रेम कडकन मोडली. सावनी कारवीच्या झुडपात पडली. कोपर सोललं, हेल्मेटला चरा गेला. गावाने कोपराची चौकशी एकदा केली आणि सायकलीची एकवीसदा.

“तीन-तीन गडी बसले तेव्हा कुरकुरली नाही,” मामा म्हणाले, “आणि ही चिमणी बसली तर दोन तुकडे? सावने, तू आपटलीस तिला.”

“मामा, त्या पायरीवरून सगळेच आपटतात. दुसरी वाटच नाही तिथे.”

“चार जणांच्या हाती नाही मोडली!”

मामांनी निकाल दिला. वाघिणीची जोडीदारीण ‘धाकटी’ तीन वर्षं सरावात कसलेली होती; शर्यत जिंकली की वाघिणीबरोबर तिलाही नवा रंग मिळायचा. तिला परवा भार लावायचा आणि शर्यतीत मामांचा मुलगा दिगू ती चालवणार. सावनीने वाटेत पाण्याच्या बाटल्या द्यायच्या.

दिगूने मान डोलावली. कोणत्या बाजूला, ते कुणी नीट पाहिलं नाही.

सावनी दोन्ही तुकडे उचलून थेट तपासेभाऊंकडे गेली. तपासेभाऊ म्हणजे यंत्रमानव. बावीस वर्षं त्यांनी घाटातले पूल तपासले होते. निवृत्तीनंतर गावाने त्यांना शाळेचं ग्रंथालय सांभाळायला आणलं. त्यांचं एक चाक करकरायचं आणि ते लहान मुलांनाही ‘अहो-जाहो’ करायचे.

“तपासेभाऊ, खरं सांगा. मी मोडली का ही?”

त्यांनी मोडलेला भाग डोळ्यांच्या भिंगाखाली धरला. पाच मिनिटं नुसती घरघर.

“सावनीताई, इथे बघा. मोडलेल्या तोंडाचे दोन भाग दिसतात का?”

दिसत होते. दोन तृतीयांश भाग गुळगुळीत, काळपट. त्यावर बारीक कमानींच्या रेषा होत्या, पाणी ओसरताना वाळूवर राहतात तशा. उरलेला तिसरा हिस्सा मात्र खडबडीत आणि चकचकीत.

“चकचकीत भाग आज मोडला,” तपासेभाऊ म्हणाले. “काळपट भाग फार आधीपासून थोडाथोडा मोडत आला होता. हा तडा दोन वर्षांचा तरी असावा. म्हणजे मागच्या दोन विजेत्यांनी तडकलेल्या सायकलीवर बक्षीस घेतलं. तुम्ही फक्त शेवटचा धक्का दिलात.”

“मग तो दिसला कसा नाही?”

“दरवर्षी त्यावर नवा रंग कोण देत होतं?”

सावनीने रंगाचा पापुद्रा नखाने खरवडून पाहिला. मग एकदम म्हणाली, “पण तीनशे चाळीस किलो पेलले ना तिने!”

“पुलावरही मला हेच ऐकवायचे. ‘भाऊ, काल एवढा मोठा ट्रक गेला, काही झालं नाही.’ ताई, एक मोठा भार पेलणं ही एक परीक्षा. लहान धक्के लाखो वेळा पेलणं ही वेगळीच परीक्षा. पहिलीत पास झालेला दुसरीत पास होईलच असं नाही. वारंवार ताण पडून धातू आतून दमतो, त्याला धातुश्रांती (पुन्हापुन्हा ताण पडल्याने धातूत तडा जाऊन तो वाढत जाणे) म्हणतात.”

“मग धाकटीही दमली असेल?” सावनीचे डोळे मोठे झाले. “आणि दिगू तिच्यावर बसणार आहे!”

धाकटीचा भार दोन दिवसांनी चौकात होता. जिलबी संपली होती. तिघे गडी बसले, एक सीटवर, एक दांडीवर, एक हँडलवर. धाकटी हू की चू करेना. टाळ्या झाल्या. मामांनी विजयी नजरेने भाचीकडे पाहिलं.

“थांबा!” सावनी पुढे आली. तिच्या हातात कुंपणाची हातभर तार होती. “नाना, ही ओढून तोडून दाखवा.”

विठोबानाना हसले. त्यांनी एक टोक धरलं, चेअरमनांनी दुसरं. दोघे लाल झाले. तार काही तुटली नाही.

“बघा, तार मजबूत आहे,” असं म्हणून सावनीने ती एकाच जागी मागे-पुढे वाकवायला घेतली. मुलं मोजू लागली. सतराव्या वेळी तार तुटली.

“हात्तिच्या, हे तर आम्ही कुंपणाला रोज करतो!” आचारी म्हणाले.

“रोज करता, आचारीकाका, पण सायकलीला लावून बघत नाही,” सावनी म्हणाली. “तुम्ही दोघांनी ओढली, तो झाला भार. मी वाकवली, ती झाली पायवाट. तुम्ही वाघिणीवर किती वेळा बसलात?”

“वर्षातून एकदा. पाच वेळा.”

“आणि पायवाटेने तिला किती धक्के दिले? वर्षाला दोनशे फेऱ्या. एका फेरीत मोठे धक्के तीनशे, ते मी मोजलेत. चार वर्षांचे झाले दोन लाख चाळीस हजार!”

चौकात माना डोलू लागल्या. वाघदऱ्यात मोठ्या आकड्याला मान आहे.

पण विठोबानाना मागे हटणारे नव्हते. “पोरी, मी रोज हजार जोर मारतो. मोडलो का? उलट कसलो!”

करकर करत तपासेभाऊ पुढे सरकले. “नाना, तुमच्या स्नायूंनाही रोज बारीक इजा होते. पण आपण जेवता, झोपता, आणि शरीर ती भरून काढतं, थोडी जादाच. धातूला ही सोय नाही. सायकल रात्रभर भिंतीला टेकून उभी राहिली तरी तिचा तडा भरत नाही. माणूस कसतो. अॅल्युमिनियम नुसतं खर्च होतं.”

“आणि आपण जुनी म्हणून तिच्यावर जास्त भरवसा ठेवला,” सावनी म्हणाली. “मामा, धाकटीच्या मानेवरचा रंग खरवडू दे.”

“विजयाचे रंग आहेत ते!” मामा कडाडले.

“वर दिगू बसणार आहे, मामा.”

मामांनी दिगूकडे पाहिलं. मग खिशातून पॉलिश पेपर काढला आणि स्वतःच घासायला बसले. तांबडा निघाला, निळा निघाला, पिवळा निघाला. खाली उघडा धातू दिसू लागला. त्यावर कुठे काही नव्हतं.

“बघ, काही नाही,” मामांनी श्वास सोडला.

“अजून झालं नाही.” तपासेभाऊंनी शिकवल्याप्रमाणे सावनीने सांध्यावर रॉकेल चोळलं, दहा मिनिटं थांबली, ते कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. “तडा असेल तर रॉकेल त्यात मुरलं असेल. आता पूड ते बाहेर ओढून घेईल.”

सगळे वाकले. पांढऱ्या पुडीवर हळूहळू एक ओली रेघ उमटली. केसाएवढी बारीक, पण दोन बोटं लांब आणि सांध्याला लागूनच.

आत्ताच जिने तीनशे चाळीस किलो पेलले होते, तिच्या मानेवर!

दिगू एक पाऊल मागे सरला. मामांनी सांध्यावर हात ठेवला. “मी जोडली ही. माझ्या हातची...”

“चांगलीच जोडली होती, येसूराव,” तपासेभाऊ म्हणाले. “वाईट जोडली असती तर पहिल्या वर्षीच गेली असती. चूक जोडण्यात नाही. तिला आयुष्य असतं हे आपण विसरलो.”

मामांनी हातावरची पूड झटकली. मग उठले. “सहा दिवस आहेत. पाच दिवसांत नवी जोडतो. चालवणार कोण?”

“मी नाही,” दिगू घाईने म्हणाला. “पायरीवरून उतरताना मी डोळे मिटतो, बाबा.”

हे गुपित त्याने दोन दिवस दाबून ठेवलं होतं. चौकात पहिल्यांदा हशा पिकला, आणि मामा भाचीला म्हणाले, “सावने, कोपर बरं आहे का गं?”

पाचव्या संध्याकाळी नवी फ्रेम तयार झाली. तपासेभाऊंनी तिच्या मानेवर नखाएवढी ताणमापक पट्टी (धातू किंचित ताणला तरी विजेच्या प्रवाहात फरक दाखवणारी पट्टी) चिकटवली. आकडा सावनीच्या घड्याळात दिसायचा.

सावनीने पायरीवरून पहिली उडी घेतली, गुडघे ताठ ठेवून सपाट दगडावर. आकडा आला साठ. दुसऱ्या वेळी तिने गुडघे आणि कोपरं सैल सोडली. चव्वेचाळीस! तिसऱ्या वेळी ती दगडावर उतरलीच नाही. डावीकडे, आजवर कुणी वळलं नव्हतं तिथे, गवताचा उतार होता, चाकं त्या उतारालाच समांतर टेकवली. आकडा तीस.

“साठाचा निम्मा,” ती म्हणाली. “म्हणजे फ्रेम दुप्पट टिकेल?”

“दुप्पट नाही, ताई. अशा जोडलेल्या सांध्यांत ताण निम्मा झाला की आयुष्य साधारण आठपट होतं. दोन गुणिले दोन गुणिले दोन.”

“आठपट!” सावनीने गवताचा उतार पुन्हा पाहिला. “म्हणजे सायकल किती टिकेल, हे तिच्या मजबुतीवरच नाही ठरत. धक्का केवढा, कुठे आणि किती वेळा, तिन्ही बघायला हवं.”

“पुलांच्या साहेबांना हे समजवायला मला एक वर्ष लागलं होतं,” तपासेभाऊ म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी अकरा गावं कड्यावर लोटली. पलीकडच्या कोंढवलीचा मुलगा पहिल्यापासून पुढे होता. सावनी त्याच्या मागे, तीन सायकली अंतर ठेवून. वाघदऱ्याचे लोक ओरडून ओरडून तिला सल्ले देत होते. त्यातले निम्मे एकमेकांच्या विरुद्ध होते.

रेड्याची पायरी आली. कोंढवलीच्या मुलाने धाडकन सपाट दगडावर उडी टाकली. चाकं दणकली, सायकल जागेवर थबकल्यासारखी झाली, त्याचे दोन्ही पाय पेडलवरून सुटले.

सावनी डावीकडे वळली.

“अगं तिकडे कुठे!” चेअरमन ओरडले.

ती हवेत गेली, गुडघे सैल, नजर गवतावर. चाकं उताराला अशी टेकली की आवाजच आला नाही. खाली जाणारा वेग धक्क्यात वाया न जाता पुढे वळला, आणि कोंढवलीचा मुलगा पेडल शोधत असताना सावनी त्याच्या शेजारून सुसाट निघून गेली. शेवटच्या वळणानंतर मैदानात तिच्या पुढे कुणीच नव्हतं.

अकरा सेकंदांनी पहिली! वाघदऱ्याचा आजवरचा सर्वांत मोठा फरक. विठोबानानांनी तिला खांद्यावर घेतलं आणि मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. या वेळच्या फोटोत मधोमध सावनी होती. सायकल कडेला, दिगूच्या हातात.

संध्याकाळी वर्कशॉपात मामांनी फरशीवर खडूने पुढच्या वर्षीच्या फ्रेमची आकृती काढली. बराच वेळ डोकं खाजवलं. मग भाचीला हाक मारली.

“सावने, इकडे ये जरा. पाइप अजून जाड घेऊ का गं?”

सावनी गुडघ्यांवर बसली. तिने मानेच्या सांध्यावर बोट ठेवलं. “जाड नको, मामा, वजन वाढेल. इथला हा टोकदार कोपरा गोल कर. ताण एका जागी साचणार नाही, पसरेल.”

मामांनी आकृती पाहिली, भाचीकडे पाहिलं, आणि कोपरा पुसून तिथे गोल काढला.

“असा?”

“अजून थोडा.”

मामांनी खडूच तिच्या हातात दिला.