बाळ कशानं झोपतं?

मुक्काम दोनच दिवसांचा होता, पण खोली आम्ही तीन दिवस शोधत होतो.

झालं असं, की यांच्या दुकानात लादी बदलायचं काम निघालं आणि मालकांनी दोन दिवस सुट्टी दिली. हे पडदे शिवतात आणि लोकांच्या घरी जाऊन बसवून देतात. लग्नाला चार वर्षं झाली, तरी दोघं मिळून कुठं गेलो नव्हतो. त्यात खारू झाल्यापासून माझी झोप उडालेली. खारू म्हणजे आमची दोन वर्षांची लेक. खारीसारखी कुठंही चढते आणि सापडेल ते गालात भरून ठेवते, म्हणून खारू. ती झोपायची नाही, आणि झोपली तरी मी तिचा श्वास ऐकत जागीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जागा बदला दोन दिवस. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, जा, शहर बघून ये. नाहीतर एक दिवस भिंतीशी बोलायला लागशील, आणि भिंत माझ्याकडं तक्रार करेल."

मग मोबाइलवर जागा बघणं सुरू झालं. पहिली स्टेशनसमोर होती. यांना पसंत. मला नाही, कारण फोटोत खिडकीची कडी अगदी खाली दिसत होती. दुसरी आठव्या मजल्यावर, गॅलरीतून सगळं शहर दिसतं म्हणे. मी फोटो मोठा करून गॅलरीचे गज बघितले. दोन गजांमधून खारूचं डोकं आरपार गेलं असतं.

"तू खोली बघतेयस की तुरुंग?" हे म्हणाले.

"तुरुंगाचे गज तरी जवळजवळ असतात," मी म्हणाले.

तिसरी जागा एका गल्लीच्या टोकाला होती. वरच्या मजल्यावर चार खोल्या, एक बाई चालवतात. फोटो अंधारे होते. पण खाली राहून गेलेल्या लोकांनी लिहिलं होतं. माझं शिक्षण सातवीपर्यंत. वाचते सावकाश, पण शेवटपर्यंत वाचते. जेवण कसं, बघायला काय आहे, याबद्दल कुणी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. 'बाळ शांत झोपलं.' 'पहिल्यांदाच दुपारभर झोपलं.' 'आमची जुळी आहेत, दोघंही झोपली.' ओळीनं एकोणीस आयांनी हेच लिहिलेलं.

"लोक इथं शहर बघायला जातात की झोपायला?" हे हसले.

"हीच घ्या," मी म्हणाले.

सकाळी अकराच्या सुमारास पोचलो. मालकीणबाई उंच, केस आखूड कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. जिना इतका स्वच्छ, की मी चप्पल हातात घेतली. आणि खोली! काय सांगू तुम्हाला. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना कापूस भरून कापड शिवलं होतं, टाके तांदळाएवढे. विजेच्या भोकांत लाकडाचे तुकडे घट्ट बसवलेले. दाराच्या कडेला जाड पट्टी, बोट चिमटू नये म्हणून. खिडकीची कडी माझाही हात पुरणार नाही इतकी वर. दोन वर्षं मी घरी जे जे करायचं म्हणत होते, ते सगळं इथं कुणीतरी आधीच करून ठेवलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

यांनी पडदा हातात घेतला. "दुहेरी अस्तर आहे. खालच्या दुमडीत वजनं घातलीत. आणि सगळं हातशिलाई… मावशी, कुणाचं काम हे? त्या माणसाचे पाय धरले पाहिजेत."

"मी जागा घेतली तेव्हा लावलेलेच होते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी एक जाड वही उघडली आणि मला समोर बसवलं. "बाळ कशानं झोपतं?"

"म्हणजे?"

"थोपटून, गाऊन, पायावर घेऊन? सगळं सांगा. आमची पद्धत आहे ती. वही खोलीतल्या कपाटात राहते."

आजवर मला सगळे सांगत आले. सासूबाई सांगतात, नणंद सांगते, शेजारीण सांगते. विचारलं कुणीच नव्हतं. मी जी सुरू झाले ती थांबेना. ती पालथी झोपते. पाठीवर थोपटायचं, दोन थापा जोरात, तिसरी हलकी. डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळायची. मध्येच थांबलं तर डोळे उघडते. उजव्या पायाचं पांघरूण काढून ठेवायचं… असं मोजून अकरा गोष्टी सांगितल्या. मावशी एकेक ओळ लिहीत गेल्या.

दुपारी अडीचला खारूला घेऊन पडले. हे दूध आणायला गेले, आणि वाटेत पडद्यांची दोन दुकानंही बघणार होते. शहरात येऊनही माणसाला पडदेच दिसावेत! मी तो जड पडदा ओढला, आणि खोलीत भर दुपारी मिट्ट काळोख झाला. रस्त्याचा आवाजही पुसल्यासारखा गेला. खारू कुरकुरत होती. थोपटता थोपटता माझाच डोळा लागला.

जाग आली ती आवाजानं.

थप… थप… आणि एक हलकी. थप… थप… आणि एक हलकी.

हे आले असतील असं वाटलं. बरं वाटलं. खोलीत उन्हात वाळलेल्या कपड्यांचा वास होता, आणि त्याच्या तळाशी बरीच वर्षं न उघडलेल्या पेटीचा. तेवढ्यात उशाजवळ माझा फोन उजळला. यांचा निरोप होता. 'दुधाला गर्दी आहे. अर्धा तास लागेल.'

त्या उजेडात मी बघितलं. खारू पालथी झोपली होती. तिच्या पाठीवरचा झगा तळहाताएवढा दबत होता आणि वर येत होता. डाव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली, हलत होती. पलंगाच्या पलीकडच्या कडेला गादीत खळगा पडला होता. तिथं कुणीही नव्हतं.

किंकाळी गळ्यापर्यंत आली. आणि मी ती गिळली. कारण खारू नुकतीच झोपली होती. हे तुम्हाला वेड्यासारखं वाटेल, पण घरात लहान मूल असलेल्या बाईला विचारा. मूल झोपलेलं असताना आई किंचाळत नाही.

मी तशीच पडून बघत राहिले. खरं सांगते, भीती होती, पण भीतीपेक्षा कौतुक जास्त होतं. काय तो हात असेल! दहा मिनिटांनी माझ्या थापेत राग उतरतो, मला कळतं, खारूलाही कळतं. या थापेत राग नव्हता, घाई नव्हती, चुलीवर काय ठेवलंय याचा विचार नव्हता. नुसतं थोपटणं होतं. बघता बघता मी झोपले. ते तिथं बसलेलं असताना मी झोपले. उठले तेव्हा सहा वाजले होते आणि हे चहा घेऊन उभे होते.

"अगं, तुझा चेहराच बदलला," हे म्हणाले.

मी यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे बॅग उचलून लगेच निघाले असते. आणि मला अजून एक झोप हवी होती. माझी चूक झाली ती इथं.

ती रात्रही आम्ही तिघं गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाग बघितली, घड्याळाचा मनोरा बघितला. खारूनं कशाकडं बघितलंच नाही. माझा हात सोडवून घेत "घरी… घरी…" एवढंच. आम्हाला वाटलं, आपल्या घराची आठवण झाली. पण गल्लीच्या तोंडाशी आलो तशी ती हसली आणि जिना चारी पायांनी चढून गेली.

चारची गाडी होती. बॅग भरायला घेतली. खारू पलंगाच्या पलीकडच्या अर्ध्यावर पालथी पडली आणि डावा कान वर करून थांबली. मी जवळ बसून पाठीवर हात ठेवला. तिनं तो ढकलला.

"तू नको."

मग भिंतीकडं तोंड केलं. तिकडं कुणी नव्हतं. आणि लाडानं म्हणाली, "आई…"

हे बॅगेची चेन लावता लावता थांबले. "ए, आई इकडं आहे. चल, गाडी चुकेल." त्यांनी तिला उचलायला हात घातला. एकदा घातला, पुन्हा घातला. मग माझ्याकडं वळले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. हळूच म्हणाले, "उचलवत नाहीये गं ती… पलीकडून कुणी धरल्यासारखी…"

मी खाली धावले. मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या.

"मावशी, खोलीत कोण आहे?"

त्यांनी घडी पूर्ण केली. "मी फक्त लिहून ठेवते, बाई. वाचतं कोण, ते मी कधी विचारलं नाही. आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही."

"माझी मुलगी भिंतीला आई म्हणतेय! ते पान खोडा. फाडा."

"खोडून काय होणार? शिकायचं ते शिकून झालं." मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. आवाज खाली आला. "असं एकदा झालं होतं. ते पोर तीन दिवस आईकडं जाईना. शेवटी त्या बाईनं जे वहीत नव्हतं ते केलं… तुम्ही सगळं सांगून टाकलंत का? काहीच मागं ठेवलं नाही?"

जिना चढताना मी आठवत होते. अकराच्या अकरा गोष्टी तिथं होत्या. अगदी पांघरुणाबाहेरचा पायसुद्धा.

आणि मग आठवलं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. यांनासुद्धा नाही.

खोलीत आले. यांना म्हणाले, "तुम्ही दारात थांबा. काही झालं तरी बोलू नका." आणि मी न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. पोरीला त्या पलंगावर तशीच सोडून. फरशीवर बसले. दाराखाली बोटभर फट होती. त्या फटीतून माझी बोटं बाहेर सरकवली.

"खारू," मी म्हणाले. "आठवतं का गं? मी तुला मारलं होतं. तू पहाटेपर्यंत झोपली नव्हतीस, आणि मी मारलं. पाठीवर माझी चार बोटं उठली. मग मला माझीच भीती वाटली, म्हणून मी न्हाणीघरात कोंडून घेतलं. आणि तू… मार खाल्लेली तू, बाहेर येऊन बसलीस आणि दाराखालून बोटं आत घातलीस. मी ती धरली. तशाच बसलो आपण उजाडेपर्यंत." मी बोटं आणखी पुढं सरकवली. "मी काही फार चांगली आई नाही गं. मला झोप नाही. दोन वर्षं मी झोपलेलीच नाही…"

बाहेर थोपटणं चाललं होतं. थप… थप… आणि एक हलकी.

मग थांबलं.

पलंग करकरला. फरशीवर पावलं वाजली, छोटी, उघडी. आणि माझ्या बोटांवर चिकट, गरम, इवली बोटं आली. "आई?" फटीतून आवाज आला. "आई, माल्लं नाही. ये."

मी हुंदका देऊन दाराला कपाळ टेकलं. आणि तेव्हा खारूच्या बोटांच्या शेजारून आणखी बोटं आत आली. मोठी. नखं बारीक कापलेली, साबणानं पांढरी पडलेली, अतिशय स्वच्छ. त्यांनी माझ्या हाताच्या पाठीवर हलकेच थोपटलं. दोनदा जोरात. एकदा हळू.

दार उघडलं तर खारू एकटीच होती. मी तिला कडेवर घेतलं. पिसासारखी उचलली गेली. हे तोवर बॅग घेऊन जिन्यात पोचले होते. चारची गाडी मिळाली, आणि खारू माझ्या मांडीवर, माझ्याच हातानं झोपली.

ही गोष्ट वीस दिवसांपूर्वीची. परवा दुपारी हे दुकानात होते, सासूबाई नणंदेकडं. दाराला आतून कडी. खारू खेळत होती आणि मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले. जाग आली ती डोक्याला ओढ बसली म्हणून. हात लावून बघितलं. डाव्या बाजूला वेणी होती, घट्ट, शेवटापर्यंत एकसारखी. शाळा सुटल्यापासून मी दोन वेण्या घातलेल्या नाहीत. उजव्या बाजूची अर्धीच झाली होती. आणि तिचे तीन पेड माझ्या कानामागं कुणीतरी ताणून धरले होते.

माझ्या मागं भिंत होती.

मी मान वळवली नाही. इतक्या मायेनं माझे केस कुणी विंचरले नव्हते कधी. पेडावर पेड पडत होता, सावकाश, आणि मी हलले नाही. वेणी पुरी व्हायची होती ना. समोर खारू मांडी घालून शहाण्यासारखी बसली होती. तिची नजर माझ्या डोक्याच्या वर कुठंतरी होती. हातात फणी धरून ती आपल्या पाळीची वाट बघत होती.