मार्फत

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. मी शपथा घेत बसणार नाही.

जिच्यासोबत हे घडलं ती माझी मावसबहीण, छाया. रस्त्यावर उतरवून टाकलेलं लिंबू उचलून घरी आणून त्याचं सरबत करणारी बाई. नात्यात कोणाच्या अंगात आलं की ती आधी पाणी द्यायची आणि मग विचारायची, "सकायपासून जेवली होतीस का?"

आणि रात्रीची वाट बघू नका. यात रात्र नाही. जे झालं ते भर दुपारी चार वाजता, गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या तीन शनिवारी, सेलूहून केळझरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये. नाव सांगत नाही. छायाची नोकरी अजून तिथेच आहे.

जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी काढतात. हंगामात मशिनी दिवसभर थांबत नाहीत. आवाज एवढा, की शेजारणीशी बोलायचं तरी तिच्या कानात ओरडावं लागतं. छाया ऑफिसच्या खिडकीत बसते. हजेरी घेते, आलेला कागद आवक नोंदवहीत चढवते, शिक्का मारते. अठरा वर्षं हेच करते आहे.

त्याआधीच्या डिसेंबरात त्या खिडकीशी देवकाबाई आली.

कापूस निवडणाऱ्या बायांपैकी एक. चाळिशीची, विधवा, एक मुलगी कॉलेजात. बोलायच्या आधी दोनदा खोकायची. कापसाच्या धुळीचा कोरडा खोकला, तिथल्या बऱ्याच बायांना असतो. तिने घडी केलेला कागद पुढे केला.

"कोनाच्या हाती देऊ, ताई?"

छायाने उघडून वाचला. सुपरवायझर ताराचंद कापसाच्या गंजीमागे बोलावतो. हात धरतो. अंगाशी येतो. नको म्हटलं तर कामावरून काढीन म्हणतो. अक्षर मुलीचं, मयुरीचं होतं. खाली सही नव्हती. छायाने स्टॅम्प पॅड सरकवलं. देवकाबाईने जांभळा अंगठा उठवला. तिच्या अंगठ्यावर विळ्याची जुनी जखम होती. ठशात तिची आडवी पांढरी रेघ उमटली.

आवक क्रमांक एकशे चौदा.

आणि मग छायाने ती चूक केली.

तिथला रिवाज असा, की अर्ज सुट्टीचा असो की दवाखान्याचा, सुपरवायझरच्या सहीशिवाय वर जात नाही. कागदाच्या डोक्यावर 'मार्फत' लिहायचं, पुढे सुपरवायझरचं नाव टाकायचं, आणि अर्जदाराला सही आणायला पाठवायचं. छायाच्या हाताने ते लिहूनही टाकलं. मार्फत, श्री. ताराचंद, सुपरवायझर.

"यावर ताराचंदजीची सही घेऊन या, बाई. मार्फत लागते."

देवकाबाईने कागद परत घेतला. छायाकडे पाहत राहिली. मग अंगठ्याची शाई पदराला पुसली आणि गेली.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या चाव्या म्हणतात, त्या अशाच दिल्या जातात. त्यासाठी कोणी वाईट असावं लागत नाही, नुसती सवय पुरते. निदान छाया तसं म्हणते. मी तिला एकदा विचारलं होतं, खरंच सवय होती, की भीती? ती उठून चहा टाकायला गेली.

दुसऱ्याच दिवशी देवकाबाईचं काम बदललं. निवडणीवरून काढून तिला मागच्या गंजीवर पाठवलं, घराएवढ्या ढिगातून खालून कापूस ओढायला. तिसऱ्या दिवशी तो ढीग खचला. मशिनींच्या आवाजात कोणाला काही कळलं नाही. संध्याकाळच्या हजेरीला छायाने नाव पुकारलं. उत्तर आलं नाही.

परत पुकारलं.

मग शोधाशोध झाली. कापूस मऊ असतो म्हणून काय झालं, त्याच्याखाली माणूस मरतं.

अपघात म्हणून कागद झाले. ताराचंदने आवक नोंदवही 'जरा पाहाले' म्हणून नेली. परत आली तेव्हा तिच्यात एक पान कमी होतं. छायाने तोंडाला कुलूप लावलं. घरात दोन पोरं शिकणारी, पगार एकटीचा. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करेल?

पण मयुरी गप्प बसली नाही. तो कागद तिनेच लिहिला होता ना! ती वर्ध्याला सुमतीताईंकडे गेली. सुमतीताई बायांची संघटना चालवतात. त्या आल्या आणि जिनिंगच्या गेटसमोर चाळीस बाया दोन दिवस बसून राहिल्या. काम बंद. हजेरीला 'हो' म्हणतानाही लाजणारी प्रमिलाबाई उभी राहून म्हणाली, "माहा बी हात धरला होता यानं." मग दुसरी उठली. मग तिसरी. छाया खिडकीतून ऐकत होती. सातपर्यंत मोजलं आणि तिने खिडकी लावून घेतली.

जिनिंगचा शेठ नरमला. ऑफिसच्या भिंतीला हिरवी लोखंडी तक्रारपेटी लागली. तिला दोन कुलपं. एक चावी छायाकडे, दुसरी प्रमिलाबाईकडे. दर शनिवारी चार वाजता दोघींनी मिळून उघडायची.

मयुरीची तक्रार कलेक्टर ऑफिसातल्या समितीपुढे लागली. ताराचंदचं उत्तर एकच. "कागद देला होता तं दाखवा ना. कोनं पाह्यला?"

तो कागद ऑफिसात आलेला पाहिलेली एकच बाई होती.

सुमतीताई खिडकीशी आल्या. "छायाबाई, महिनाअखेरच्या सोमवारी सुनावणी आहे. कागद आला होता असं कोणी सांगितलं नाही तर देवकाबाईचं सगळं तिथंच बंद होईल."

"मले काई आठवत नाई, ताई," छाया म्हणाली.

पहिल्या शनिवारी पेटी उघडली. रिकामी होती. प्रमिलाबाईने झाकण लावलं, कुलूप घातलं, आणि तेवढ्यात...

आतून कोणीतरी खोकलं.

दोनदा. कोरडं.

"तुमी खोकल्या का?" प्रमिलाबाईने विचारलं.

"नाई वो. मले वाटलं तुमी."

दोघींनी पुन्हा उघडलं. तळाशी कापसाचा एक पुंजका होता. मघाशी नव्हता.

दुसऱ्या शनिवारी कागद निघाला. कोरा. मागूनपुढून पाहिला, एक अक्षर नाही. फक्त खाली...

जांभळा अंगठा. त्यात आडवी पांढरी रेघ.

"बाप्पा! कोन्या बाईनं नुसताच अंगठा देला?" प्रमिलाबाईने चाळीसही बायांना विचारलं. कोणीच टाकला नव्हता. छायाने तो कागद ड्रॉवरमध्ये खाली सरकवला.

त्या आठवड्यात ती रोज घरी निघताना स्टॅम्प पॅडचं झाकण लावायची. रोज सकाळी ते उघडं असायचं. शाईच्या कापडावर एका बोटाचा खड्डा.

तिसरा शनिवार. सुनावणी परवावर आली होती.

प्रमिलाबाई नात्यातल्या लग्नाला केळझरला गेली होती. म्हणजे पेटी उघडायची नव्हती. छायाला जरा हायसं वाटलं. तिने हजेरीपट पुढे ओढला. चार वाजले होते. मशिनी धडधडत होत्या.

आणि मशिनींचा आवाज... गेला.

लाइट गेली असेल म्हणून तिने मान वर केली. पंखा फिरत होता. दारातून मशिनींचे पट्टे पळताना दिसत होते. बाया एकमेकींच्या कानात ओरडत होत्या, त्यांची तोंडं हलत होती.

नुसता आवाज नव्हता.

मग खिडकीबाहेर...

खोकला. दोनदा.

छायाने मान खाली घातली ती वर केलीच नाही. तिला टेबल दिसत होतं, स्टॅम्प पॅड दिसत होतं. गजांमधून एक घडी केलेला कागद आत आला. त्यामागे बोटं. नखांत कापूस अडकलेला.

"कोनाच्या हाती देऊ, ताई?"

छायाने टेबलाची कड धरली.

"कोनाच्या हाती देऊ?"

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं छाया म्हणते. ज्याला खरंच माहीत नाही त्याने विचारावं, तसं विचारलं होतं. पहिल्या दिवशीसारखंच.

छाया रडायला लागली. रडता रडता तिने हात पुढे केला.

"माह्या हाती द्या, बाई. माह्याच हाती द्या."

तळहातावर काहीतरी टेकलं. थंड होतं, आणि वजन असं काही नव्हतंच.

धाडकन मशिनींचा आवाज परत आला. खिडकीबाहेर कोणी नव्हतं. हातातही कागद नव्हता. तळहाताच्या मधोमध मात्र जांभळा डाग होता. तिने साबण लावला, राख लावली, रॉकेल लावलं. निघाला नाही.

सोमवारी छाया वर्ध्याला गेली. समितीच्या बाईंनी विचारलं, कागद आला होता का?

"आला होता. एकशे चौदा नंबर. म्या वाचला होता." इथे थांबली असती तरी चाललं असतं. पुढचं तिला कोणी विचारलं नव्हतं. "अन् म्याच त्यावर 'मार्फत' लिहून ताराचंदजीच्याच हाती पाठवला."

समोर मयुरी बसली होती. ती आईसारखीच पाहत राहिली.

ताराचंद कामावरून गेला. पोलीस केस चालू आहे. त्या संध्याकाळी हात धुताना छायाचा डाग साध्या पाण्याने निघून गेला. तिला वाटलं, संपलं.

मलाही तसंच वाटलं होतं.

या हंगामात मयुरी जिनिंगमध्ये कामाला लागली. कॉलेज सुटलं होतं, आईच्या जागेवर बसली. नवा सुपरवायझर आला, योगेंद्र. तरुण, सगळ्यांना 'ताई, ताई' म्हणणारा. पेटी भिंतीवर होतीच. पण प्रमिलाबाई काम सोडून गेली, तिच्याकडची चावी कुठे गेली ते कोणी विचारलं नाही, आणि दिवाळीपासून पेटी कोणी उघडली नाही. दोन दिवस गेटसमोर बसलेल्या बाया पुन्हा कापूस निवडत होत्या. आपल्याकडे सगळं असंच थंड होतं.

गेल्या महिन्यात, शनिवारी, चारच्या सुमारास मयुरी खिडकीशी आली. हातात घडी केलेला कागद.

"कोनाच्या हाती देऊ, मावशी?"

छायाने दोन्ही हात पुढे केले. कागद वाचला. योगेंद्र. गंजीमागे. तेच सगळं, नाव तेवढं बदललेलं. तिने नोंद केली, आवक क्रमांक टाकला, मयुरीला सही-शिक्क्याची पोच दिली. कागदाच्या डोक्यावर काहीच लिहिलं नाही. मग तिचं लक्ष तळाशी गेलं...

"अंगठा काऊन लावला वो, मयुरी? तुले तं सही येते."

"म्या सहीच केली, मावशी."

सहीखाली जांभळा ठसा होता. ओला. मधून आडवी पांढरी रेघ.

मयुरीने वाकून पाहिलं. मग त्या रेघेवर तिने हळूच बोट ठेवलं. मशिनी चालूच होत्या, त्यामुळे ती काय पुटपुटली ते छायाला ऐकू आलं नाही.

त्याच दिवशी छाया एसटीने वर्ध्याला गेली. कागद वाटभर मांडीवर धरून ठेवला आणि स्वतः सुमतीताईंच्या हातात दिला. मध्ये कोणी नाही.

परवा सुमतीताईंचा फोन आला. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही, योगेंद्र अजून कामावरच आहे. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "छायाबाई, महिना झाला. फाइल उघडली की अजून बोटाला शाई लागते. ही वाळत कशी नाही?"

छायाने फोन ठेवून लगेच मला लावला. जसंच्या तसं सांगितलं.

आज पुन्हा शनिवार आहे. साडेतीन वाजून गेलेत, चार वाजायला आले. मी तिला दोनदा फोन केला. ती उचलत नाही.