थरथरत्या हाताने नमुना घेत नाहीत

बाबा गेले त्याच्या आदल्या सकाळी आमच्याकडे सगळं नेहमीसारखंच होतं. बाबा खिडकीशी हात पुढे करून बसले होते, चहा नाही म्हणून कुरकुरत होते, आणि प्रयोगशाळेतून रक्त घ्यायला येणारा तरुण त्यांच्या दंडाला पट्टा बांधत होता. बाबांच्या मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे तो दर आठवड्याला यायचा. एकदा उपाशीपोटीची साखर बघायची होती आणि बाबांनी चोरून चहा घेतला, तर हा सुई न लावताच उठला. उद्या येतो म्हणाला. मला तो तेव्हाच आवडला असावा...

“नस माझी शोधतोस,” बाबा म्हणाले, “आणि बघतोस मात्र हिच्याकडे.”

“नस बोटाला सापडते, काका. डोळे रिकामेच असतात.”

मी उगाचच पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा तो भरलेली नळी हलक्या हाताने उलटसुलट करत होता. जोरात हलवली तर रक्तपेशी फुटतात, असं बाबांना सांगत होता.

दुसऱ्या दिवशी बाबा गेले. तो भेटायला आला, दाराशी जरा वेळ उभा राहिला, परत गेला. मग आमच्याकडे येण्याचं त्याला कारणच उरलं नाही.

बाबांचं दुखणं घराण्यातलं. तूही रक्त तपासून घे, म्हणून आई मागे लागली होती. मी प्रयोगशाळेत गेले ती मात्र वेगळंच ठरवून. आज बोलल्याशिवाय घरी परतायचं नाही.

नमुने घेणाऱ्या खुर्चीशी तोच होता. त्याने पट्टा बांधला, कोपराशी बोट टेकवलं... आणि बोट तिथेच राहिलं. मग त्याने पट्टा सोडला आणि पलीकडच्या सिस्टरना हाक मारली.

“नस नाही सापडली?” मी विचारलं.

“सापडली. हात थरथरतोय. असा घेतला तर नमुना बिघडेल, तुम्हाला पुन्हा टोचावं लागेल.”

“बाबांच्या वेळी नाही कधी थरथरला.”

“ते पेशंट होते.”

“आणि मी?”

तो सिस्टरना जागा द्यायला बाजूला सरला. सिस्टरनी रक्त घेतलं, माझ्यासमोरच नळीवर चिठ्ठी लावली. तान्ह्या बाळाची नस याला पहिल्या खेपेत मिळते, आज काय धाड भरली कोण जाणे, असं पुटपुटत त्या नळी घेऊन गेल्या.

मी कापूस दाबून बसले होते. कोपर दुमडू नका, हात सरळ ठेवा, असं काहीसं तो जमिनीकडे बघत सांगत होता.

“तुम्ही मला आवडता,” मी म्हणाले. आवाज बराच मोठा निघाला. रांगेतल्या एका आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. मी थांबले नाही. “बाबा होते तेव्हापासून. त्यांना सांगायचं राहून गेलं. तुम्हाला सांगायचं राहू देणार नाही.”