कलम चार आणि हिरवी गाडी

कलम १
गारा कोसळल्या, म्हणून तो माझ्या सह्या गोळा करायच्या तंबूत शिरला. धान्याच्या दुकानाबाहेर, हातात हकलबेरीचा, रानबोरांचा गुलाबी मिल्कशेक घेऊन.

"सही करता का?" मी विचारलं. "केंद्र सरकारच्या कारवायांसाठी आमच्या आयडाहो राज्याची माणसं आणि गाड्या वापरायच्या नाहीत, असा प्रस्ताव आहे. मतदानाला ठेवायचाय. नऊ सह्या कमी आहेत. पाचच्या आत कागद कचेरीत गेले नाहीत, तर दोन महिन्यांची मेहनत पाण्यात."

"आधी वाचतो."

आणि वाचलं की त्याने! अकराही कलमं, ओठ हलवत. आजवर एकानेही वाचली नव्हती.

"कलम चार... म्हणजे माझी गाडी बर्फात रुतली, तर जिल्ह्याची गाडी ओढणार नाही?"

रस्त्यावरचा बर्फ हटवणारी जिल्ह्याची गाडी मीच चालवते. "तुम्ही कोण लागून गेलात?"

त्याने जाकीट उघडलं. केंद्राच्या वनखात्याचा बिल्ला.

"ऑरिन स्टकी. शत्रूला 'तू' म्हटलं तरी चालतं."

"मारेन एचेव्हेरिया. रुतलास तर... माझं फावडं घेऊन येईन. ड्युटी संपल्यावर. खासगीत."

"खासगीत—?" त्याचे कान मिल्कशेकच्या रंगाचे झाले.

सही त्याने केली नाही. पण वारा सुटला तसा तंबूचा खांब धरून उभा राहिला, नऊ सह्या होईपर्यंत.

कलम २
साडेचार. माझी गाडी सुरूच होईना. बॅटरी गेलेली. शेजारी त्याची हिरवी सरकारी गाडी.

"नाही," मी म्हणाले.

"मी काही बोललो का?"

"केंद्राच्या बॅटरीवर केंद्राविरुद्धचे कागद? आई मला घरात घेणार नाही."

"माझ्या गाडीत तुला बसवायला बंदी आहे. केबल लावायला नाही. नियम वाचलेत मी."

"तुला प्रस्ताव पटत नाही ना?"

"अजिबात नाही. पण पाडायचाच तर मतपेटीत पाडीन. तुझ्या बॅटरीच्या जिवावर नको."

इंजिन गुरगुरलं. माझ्या आतही काहीतरी...

चार सत्तावन्नला कागद दाखल.

कलम ३
(खोडलं आहे. उन्हाळ्यात काय झालं ते इथे होतं. आई वाचते.)

कलम ४
नोव्हेंबर. "तुझं 'हो', माझं 'नाही'," ऑरिन म्हणाला. "बेरीज शून्य. मतदानाला जायचंच नाही कुणी. कबूल?"

"कबूल." हात मिळवला. बराच वेळ सोडला नाही.

मतदानाच्या सकाळी मी त्याला सर्दी झाल्याचं कळवलं. तो म्हणाला, जंगलात काम निघालंय.

शाळेतल्या मतदानाच्या रांगेत माझ्या पुढेच एक ओळखीची मान.

"जंगल?"

तो दचकून वळला. "सर्दी?"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो मात्र एकदम गंभीर. "मारेन, मला तू... म्हणजे, आयुष्यभर तुझ्या विरोधात मत द्यायला—"

"शंभर फुटांच्या आत प्रचाराला बंदी आहे!" टेबलामागच्या आजीबाई कडाडल्या.

मतं दिली. एक 'हो', एक 'नाही'. मग पावलं मोजत बाहेर आलो. चाळिसाव्या पावलाला शंभर फूट भरले, तो थांबला.

"आता बोलू?"

"आधी मला नीट वाचून घे. नंतर तक्रार नको."

"वाचलंय. कलम तीनसुद्धा."

"मग?"

त्याने खिशातून पेन काढलं.

"सही कुठे करू?"