पाचव्यांदा वितळलेली गोळी

"वितळवून घ्यायचं लोकांनी आणि काजळी पुसायची आम्ही!" भट्टीत डोकं घालून ती पुटपुटली. डोकं बाहेर काढलं तर लोक हातभर अंतरावरच उभे होते. चष्मा लावलेले, हातात छोटी डबी.

"लोक म्हणजे मी का?"

"ऐकलंत ना? मग विचारता कशाला!"

ओळख झाली ती अशी. तो संशोधन संस्थेच्या चुंबक विभागात नवा आलेला. तापलेल्या यंत्रातही जोर न सोडणारं चुंबक त्याला करायचं होतं. त्यासाठी समॅरियम आणि कोबाल्ट एकत्र वितळवायचे, ते हिच्या भट्टीत. गोळी वितळवायची, गार झाली की उलटायची, पुन्हा वितळवायची. चार खेपांत दोन्ही धातू एकजीव होतात. पाचवी खेप करू नये. दर खेपेला समॅरियम वाफ होऊन उडतं, भट्टीला काळं फासतं, आणि गोळीत कमी पडलं की चुंबक कच्चं राहतं.

हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी म्हणायचा, "अजून एकदा… खात्रीसाठी?"

"तुमची खात्री फार महाग हो!" म्हणत ती कळ दाबायची. दोघं एकाच काळ्या काचेतून बघायचे, खांद्याला खांदा लागेल न लागेल असे.

"सरका जरा."

"सरकलो तर दिसणार कसं?"

सगळ्या मजल्याला कळलं होतं. बोलत कुणी नव्हतं.

मग निकाल आला. सहाच्या सहा चुंबकं तापवल्यावर ढेपाळली. महिनाअखेरीस त्याच्या नेमणुकीची मुदत संपत होती. एक तरी चुंबक टिकलं, तरच ती वाढणार. अहवालात त्यानं लिहिलं, 'कारण समजले नाही.'

विभागप्रमुख मॅडम कागद घेऊन थेट भट्टीपाशी आल्या. "एका गोळीपुरतं समॅरियम उरलंय. कारण कळल्याशिवाय देणार नाही. भट्टी बिघडलीय का?"

"नाही… म्हणजे, भट्टीचा दोष नाही," तो चष्मा पुसत राहिला. शेजारच्या टेबलावरचे दोघं उगाच कागद चाळू लागले.

तिनं हातमोजे काढले. याआधी बारा वर्षांत तिच्या हातून एकही गोळी बिघडली नव्हती.

"मी सांगते, मॅडम. गोळी चौथ्या खेपेलाच तयार होते. पुढच्या खेपा मी जाणूनबुजून करते… हे अजून थोडा वेळ इथं उभे राहावेत म्हणून. मला आवडतात हे."